पैठणी, द्राक्षबाग आणि दीड पानांचा करार

‘कोलॅब करूया का?’ या मेसेजपासून शेवटची प्रिंट हातात पडेपर्यंत पंधरा आठवडे गेले. त्यात कॅमेरा चालला तो साडेतीन तास. बाकीचा वेळ कशात गेला ते तारीखवार लिहून ठेवतोय, कारण नाशिकमध्ये नव्यानं मॉडेलिंग किंवा फोटोग्राफी करणारे बहुतेक जण त्या साडेतीन तासांचीच तयारी करतात आणि अडकतात ते बाकीच्या आठवड्यांत.

कोलॅबला कुणी टीएफपीही (टाइम फॉर प्रिंट) म्हणतं. मॉडेल फी घेत नाही, फोटोग्राफरही घेत नाही, दोघं एकमेकांना वेळ देतात आणि दोघांनाही फोटो मिळतात. ‘फुकट शूट’ हे त्याचं बोलीतलं नाव. त्या फुकट शब्दामुळेच कुणी काही लिहून ठेवत नाही आणि सहा महिन्यांनी भांडण होतं.

मी फोटोग्राफर. मॉडेलला पहिला मेसेज ४ नोव्हेंबरला गेला. त्यात पाच गोष्टी होत्या: किती फोटो हवेत, ते कुठे वापरले जातील, पैसे नाहीत हे स्पष्ट, शूटला आणखी कोण कोण असेल, आणि अंदाजे तारखा. मॉडेलचं उत्तर दोन दिवसांनी आलं, तिचे तीन प्रश्न घेऊन: कपडे बदलायची सोय काय, बरोबर बहीण आली तर चालेल का, आणि एडिट कोण करणार. कोणत्याही मॉडेलनं हे तीन प्रश्न विचारावेत. बहिणीच्या प्रश्नावर जो फोटोग्राफर कुरकुरतो त्याच्याबरोबर शूट करू नये, एवढं साधं आहे.

९ नोव्हेंबरला कॉलेज रोडला चहावर बसलो. मूडबोर्डवर, म्हणजे शूट कसं दिसावं यासाठी जमवलेल्या नमुन्यांच्या पानावर, बारा फोटो होते. मूडबोर्डमध्ये नुसते आवडलेले फोटो टाकून उपयोग नसतो. प्रत्येक फोटोखाली एक ओळ हवी, यातून काय घ्यायचं: उजेड, हाताची ठेवण, की फक्त रंग. नाहीतर फोटोग्राफर उजेड बघत असतो आणि मॉडेल पोझ. तिनं तिचे डिजिटल्स दिले, म्हणजे मेकअपशिवाय खिडकीच्या उजेडात काढलेले समोरचा, बाजूचा आणि पूर्ण उंचीचा असे साधे फोटो. ‘काय नको’ याचीही यादी तिथेच झाली. ती आधी करावी. शूटच्या सकाळी, थंडीत, पाच माणसांसमोर ‘हे नको’ म्हणणं कुणालाही जड जातं.

विषय ठरला येवल्याची पैठणी. जागेसाठी १६ नोव्हेंबरचा पूर्ण दिवस गेला. रामकुंड आणि गोदाघाट यादीत पहिले होते आणि पहिले बाद झाले. सिंहस्थाच्या कामांमुळे कुठे काय खोदलेलं असेल याचा नेम नाही, आणि तिथे लोक अस्थी घेऊन आलेले असतात. त्यांच्या मागे रिफ्लेक्टर धरून उभं राहणं बरं दिसत नाही. पांडवलेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत. हातातला कॅमेरा चालतो, पण ट्रायपॉड, लाइट स्टँड लावून शूट करायचं तर खात्याची आगाऊ परवानगी लागते. ती काढायची तर महिनाभर आधी अर्ज करायची तयारी ठेवा. ड्रोनचा विचार नाशिकमध्ये डिजिटल स्कायचा नकाशा (ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारी ऑनलाइन नकाशा) पाहिल्याशिवाय करूच नका; एकीकडे ओझरचा विमानतळ, दुसरीकडे देवळालीचं तोफखान्याचं केंद्र.

पांडवलेण्यांपर्यंत गेलोच होतो म्हणून दहाव्या लेण्यातला उषवदाताचा (क्षत्रप नहपानाच्या जावयाचा) शिलालेख पाहून आलो. तीन हजार कार्षापणांची (त्या काळची नाणी) ठेव गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवल्याची नोंद त्यात आहे: दोन हजार एका श्रेणीकडे महिना शेकडा एक व्याजानं, एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज भिक्षूंच्या खर्चाला वापरायचं, हेही लिहिलंय. सुमारे १९०० वर्षांपूर्वी नाशिकच्या विणकरांशी झालेला व्यवहार रक्कम, दर आणि वापराच्या अटीसकट दगडावर आहे, आणि आपण व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवून मोकळे होतो.

शेवटी जागा ठरली निफाड तालुक्यातली ओळखीच्या बागाईतदाराची द्राक्षबाग. बागेत शूट करायचं तर छाटणीचं गणित माहीत हवं. ऑक्टोबर छाटणी झाली की वेल नागडे असतात, आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. ती विषारी असते, कातडीला त्रास देते. त्या दिवसांत मॉडेलला वेलाला टेकवून उभं करू नका. फोटोला बाग भरलेली दिसते ती मण्यात पाणी उतरल्यानंतर, म्हणजे मणी मऊ होऊन पिकायला लागल्यावर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला छाटलेल्या बागेत ते डिसेंबरअखेर ते जानेवारीत होतं, आणि काढणी सुरू झाली की संपलं. हाताशी तीन आठवडे असतात असं समजा.

२२ नोव्हेंबरला येवल्याला गेलो. नाशिकहून चांदोरी, निफाड, विंचूर करत पंच्याऐंशी किलोमीटरच्या आसपास. विणकरानं हातमागावरची सहावारी दाखवली, बांगडी-मोर पदर, नारळी काठ, लाल-हिरवी धूपछाँव. साडी द्यायला तो तयार होता. त्याची अट एकच: ‘दादा, पदराची मागची बाजू पण घ्या. गिऱ्हाईक तीच उलटून बघतं.’ हातमागाच्या पैठणीत पदरावरची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच स्वच्छ दिसते, मागे लोंबणारे धागे नसतात. यंत्रमागाच्या नकलेत मागे धाग्यांचं जाळं दिसतं. त्याला फोटो हवे होते ते एवढ्यासाठी.

आणि इथेच दोघांचं शूट तिघांचं झालं. मॉडेलला फोटो हवे होते पोर्टफोलिओला, मला माझ्या कामाच्या पानावर, विणकराला दुकानासाठी. पहिले दोन वापर सारखे आहेत, तिसरा जाहिरात आहे. ‘माझा चेहरा पोर्टफोलिओत’ आणि ‘माझा चेहरा दुकानाच्या बोर्डवर’ या दोन संमती वेगळ्या, हे मॉडेलनं फोनवर पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. तिचं बरोबर होतं, आणि माझ्या कराराच्या मसुद्यात ते नव्हतं.

मसुद्याला दोन आठवडे गेले. जे कळलं ते इथे सविस्तर देतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज यातच आहेत.

कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे फोटोचा कर्ता फोटोग्राफर, आणि सहसा पहिला मालकही तोच. पण कलम १७ मध्ये अपवाद आहे: कुणी मोबदला देऊन फोटो काढवून घेतला असेल आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर मालक तो मोबदला देणारा. आता विणकर म्हणाला, पेट्रोलचे दोन हजार मी देतो. चांगुलपणानं म्हणाला. पण ते घेतले असते तर उद्या कुणीही विचारू शकला असता की हा मोबदला होता की नाही. म्हणून पैसे घेतले नाहीत आणि ‘मालकी फोटोग्राफरची’ ही ओळ तरीही लिहिली. मॉडेलचा चेहरा असला म्हणून तिला कॉपीराइट मिळत नाही. तिच्या हातात असते ती संमती. म्हणून तिची संमती नेमकी कशाला आहे आणि कशाला नाही, हे तिच्याच शब्दांत लिहावं.

दुसरी गोष्ट मुदतीची. कलम १९ सांगतं की हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. वापराच्या परवान्यालाही हेच नियम लागतात. म्हणजे रिकामी जागा रिकामी राहत नाही, कायदा ती भरतो. आम्ही भरली ती अशी: विणकराला वापर २ वर्षं, भारतात, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप कॅटलॉग आणि दुकानातला चार बाय सहा फुटांचा एक बोर्ड. होर्डिंग नाही. तिसऱ्या कुणाला देणं नाही. कुठल्याही एआय ॲपमध्ये टाकून चेहरा किंवा कपडे बदलणं नाही. मॉडेलला पोर्टफोलिओ आणि स्वतःची सोशल मीडिया खाती कायम खुली, एडिट न बदलता.

तिसरी, मोबदला. भारतीय करार कायदा १८७२ प्रमाणे मोबदल्याशिवायचा करार सहसा टिकत नाही. पैसे नसले तरी मोबदला असू शकतो, फक्त तो लिहायला हवा: मॉडेल चार तास देणार, फोटोग्राफर दहा एडिट केलेले फोटो देणार, विणकर एक दिवस साडी देणार. ‘परस्पर सहकार्यानं’ असलं गुळमुळीत लिहू नका. आणि सही करणारी व्यक्ती १८ पूर्ण हवी. ओळखीच्या पुराव्याला मास्क केलेलं आधार घ्या, पण जन्मतारखेचा पुरावा म्हणून आधार धरलं जात नाही. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात आणि तेवढे पुरतात.

एडिटची कलमं मॉडेलनं लिहिली: मुरूम काढायचा, तीळ नाही, त्वचेचा रंग उजळायचा नाही, कंबर, हात, जबडा यांना हात लावायचा नाही. साठ फोटोंच्या निवडीतून पाच तिला कारण न देता बाद करता येतील. हे शेवटचं कलम मला आधी खटकलं होतं. प्रत्यक्षात तिनं तीनच काढले आणि तिन्ही काढण्यासारखेच होते.

करार साध्या कागदावरही होतो. पण मुद्रांक नसेल तर शुल्क आणि दंड भरेपर्यंत तो कोर्टात पुरावा म्हणून घेतला जात नाही. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभर-दोनशेचा मुद्रांक जाऊन ५०० रुपयांचा झालाय. ९ डिसेंबरला सीबीएसजवळ (मध्यवर्ती बसस्थानक) कोर्टाच्या बाजूला मुद्रांक विक्रेत्याकडे गेलो आणि हात हलवत परत आलो, कारण रजिस्टरला दुसऱ्या पक्षाचं आधारप्रमाणे पूर्ण नाव लागतं आणि माझ्याकडे होतं ते इन्स्टाग्रामवरचं. दुसऱ्या दिवशी काम दहा मिनिटांत झालं. नाव, कारण, ओळखपत्राची झेरॉक्स, सही. मुद्रांक घेतल्यापासून सहा महिन्यांच्या आत वापरावा लागतो, म्हणून आधीपासून घेऊन ठेवू नका. तिघांच्या सह्या १४ डिसेंबरला झाल्या, प्रत्येक पानावर, आणि तिघांना प्रती.

शूटची पहिली तारीख ४ जानेवारी होती. ३० डिसेंबरपासून ढगाळ हवा आली, बागेत भुरी या बुरशीच्या रोगावर फवारणी झाली, पानांवर डाग पडले. बागाईतदाराला विचारून एक आठवडा पुढे ढकललं. बागेत शूट असेल तर दोन दिवस आधी फोन करायचाच, आणि प्रश्न ‘येऊ का’ असा नाही, ‘काय मारलंय आणि कधी’ असा.

११ जानेवारी. नाशिकहून सव्वापाचला निघालो. सूर्योदय सव्वासातच्या सुमाराला, आणि निफाडची थंडी म्हणजे काय ते नाशिककरांना सांगायला नको. साडी नेसवणं आणि मेकअप बागाईतदाराच्या घरात झालं. बदलायच्या तंबूचे पैसे वाचले. पैठणीवर सेफ्टी पिन थेट टोचायची नाही, मध्ये जाड कापडाचा तुकडा किंवा मणी ठेवायचा, नाहीतर रेशीम ओढलं जातं. अत्तर, परफ्यूम, हेअर स्प्रे हे सगळं साडी नेसायच्या आधी. फवारा जरीवर पडला की जर काळी पडते. ब्लाउजच्या गळ्याला आतून टिश्यू लावला की फाउंडेशनचा डाग लागत नाही.

बागेत पाय ठेवल्यावर पहिला शत्रू दव. दहा पावलांत काठ चार बोटं ओला होतो आणि त्यावर काळी माती बसते. ताडपत्रीचे दोन तुकडे नेले होते. मॉडेल एकावर उभी, दुसरा पुढे टाकायचा, असं करत सरकलो. ठिबकच्या नळ्यांवर लक्ष ठेवायला तिची बहीण होती. दुसरा शत्रू अंगावरचा काटा. जवळच्या फ्रेममध्ये तो हातावर स्पष्ट दिसतो आणि एडिटमध्ये काढत बसलं तर हात प्लास्टिकचा होतो. उपाय एकच: दर दहा मिनिटांनी शाल आणि गरम पाण्याची बाटली.

‘ताई, घडाला हात लावू नका,’ बागाईतदारानं सुरुवातीलाच सांगितलं. ‘लव गेली की व्यापारी भाव पाडतो.’ लव म्हणजे मण्यावरचा मेणासारखा पांढरट थर, बोट लागलं की तो पुसला जातो आणि तिथे चकाकता ठसा राहतो. मूडबोर्डवरच्या बारापैकी चार पोझ घड हातात धरलेल्या होत्या. चारही गेल्या. ही गोष्ट नोव्हेंबरमध्येच विचारायला हवी होती.

उजेडाचं म्हणाल तर वाय पद्धतीच्या (इंग्रजी Y आकाराच्या आधारावर वेल चढवलेल्या) बागेत ओळी उत्तर-दक्षिण असल्या की सकाळी दोन ओळींच्या मध्ये ऊन उतरत नाही. आणि पानांतून गाळून आलेला उजेड चेहऱ्यावर हिरवा पडतो. हनुवटीखाली तर मॉडेल आजारी वाटते. मॉडेलला पूर्वेकडच्या शेवटच्या ओळीच्या बाहेर, बांधाच्या बाजूला आणलं, समोर जमिनीवर पांढरी चादर अंथरली आणि रिफ्लेक्टरची पांढरी बाजू वापरली, सोनेरी नाही. सोनेरीनं जरीचा आणि कातडीचा रंग एकच होतो. दर जागा बदलल्यावर ग्रे कार्डाची (नंतर रंग जुळवायला धरायचं करडं कार्ड) एक फ्रेम. ही एक सवय एडिटचे दोन दिवस वाचवते.

जरीसाठी एक्स्पोजर पाऊण स्टॉप खाली, म्हणजे फोटो थोडा गडद, ठेवलं. चेहरा पाहून मोजलं तर पदरावरचे मोर पांढरेफटक जळतात आणि रॉ फाइलमधूनही (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) परत येत नाहीत. सावली मात्र उचलता येते. पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, लावून बघितला. पानांची चकाकी गेली, जरीची हलली नाही. धातूवरून परावर्तित होणाऱ्या उजेडाला पोलरायझर रोखू शकत नाही, आणि जर म्हणजे धातूच. पदराच्या काही फ्रेममध्ये लाटांसारखी नक्षी उमटली, मॉयरे. बारीक विणीचा आणि सेन्सरच्या जाळीचा मेळ बसला की हे होतं. एक पाऊल मागे गेलो आणि ती गेली. हे कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर झूम करूनच तपासा. छोट्या चित्रात मॉयरे दिसतोही आणि नसतानाही भासतो. लेन्स ८५ मिमी, अ‍ॅपर्चर एफ २.८, शटर १/५०० सेकंदापेक्षा हळू नाही.

विणकराची पदराच्या मागच्या बाजूची मागणी मी वेगळा क्लोजअप म्हणून धरली होती, चेहऱ्याशिवाय. मॉडेल म्हणाली, पदर जड आहे, खांद्यावरून ओढतोय, दोन मिनिटं हातावर घेते. तिनं तो उलटा करून कोपरावर टाकला. मागची बाजू कॅमेऱ्याकडे, पुढची तिच्या खांद्यावर, दोन्ही एकाच फ्रेममध्ये. पुढची वीस मिनिटं तेवढंच केलं. पावणेअकराला ऊन कडक झालं, थांबलो.

एकूण ४१२ फ्रेम, बारा जीबी. गाडी हलायच्या आधी कार्डाची कॉपी लॅपटॉपवर, घरी आल्यावर दुसऱ्या डिस्कवर, आणि दोन्ही तपासल्याशिवाय कार्ड फॉरमॅट नाही.

खर्च असा: पेट्रोल ३५००, मेकअप ३५००, भाड्याची लाइट १२०० (वापरलीच नाही), मुद्रांक ५००, झेरॉक्स ६०, चहा-नाश्ता ६४०. एकूण ९४००. मेकअप आणि नाश्ता मॉडेल आणि मी निम्मा-निम्मा, बाकी माझं. हेही करारात होतं.

फोटो २१ दिवसांत द्यायचे होते, २७ लागले. अडलं ते धूपछाँवमध्ये. ताणा (उभे धागे) एका रंगाचा, बाणा (आडवे धागे) दुसऱ्या, त्यामुळे कोन बदलला की रंग बदलतो. एका फोटोत लाल, पुढच्यात हिरवट. विणकर म्हणाला, गिऱ्हाईक फोटो बघून मागवतं आणि मग रंग वेगळा म्हणून परत करतं. साडी पुन्हा आणून खिडकीच्या उजेडात स्क्रीनशेजारी धरून दोन फोटो जुळवले आणि बाकी आठ त्यांच्यावरून. यासाठी येवल्याची दुसरी फेरी झाली; पहिल्याच दिवशी त्याच धाग्यांचा नमुना मागून घेतला असता तर वाचली असती. फाइल्स दोन मापांत दिल्या, इन्स्टाग्रामला १०८० बाय १३५०, छपाईला पूर्ण. बारा बाय अठरा इंची प्रिंट ३०० डीपीआयला ३६०० बाय ५४०० पिक्सेल मागते, म्हणजे २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा पुरतो, फार क्रॉप केलं नाही तर.

पोस्ट करताना दोन गोष्टी. इन्स्टाग्रामची कोलॅब पोस्ट मूळ टाकणाऱ्यानं उडवली की सगळ्यांच्या पानावरून जाते, म्हणून मूळ पोस्ट कुणाची ते ठरवून घ्या. आणि विणकरानं मॉडेलला आनंदानं पैठणीचा बटवा भेट दिला होता. जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या नियमांत फुकट मिळालेली वस्तूही जाहिरातदाराशी असलेला व्यावसायिक संबंध धरली जाते, त्यामुळे दुकानाला टॅग करताना तिला ‘जाहिरात’ असं लिहावं लागलं. विणकराला आधी ते विचित्र वाटलं, मग पटलं.

१२ फेब्रुवारीला मॉडेलचा मेसेज आला: एका दागिन्यांच्या दुकानानं तिचाच फोटो ऑफरच्या पोस्टवर लावलाय. विणकराच्या नात्यातल्या कुणीतरी ‘छान आलाय’ म्हणून पुढे पाठवला होता. शूटमधली नथ आणि ठुशी त्या दुकानाची नव्हतीसुद्धा. करारातली ‘तिसऱ्या कुणाला देणं नाही’ ही ओळ आणि सहीचं पान, एवढे दोन फोटो पाठवून पोस्ट काढायला सांगितलं. आवाज चढवला नाही, वकिलाचं नाव घेतलं नाही. दोन दिवसांनी पोस्ट गेली. विणकरानं स्वतःहून फोन करून सांगितलं की आता फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना कोपऱ्यात दुकानाचं नाव टाकूनच पाठवतो.

१७ फेब्रुवारीला प्रिंट येवल्याला पोचवली. बोर्डसाठी त्यानं चेहऱ्याचा फोटो निवडलाच नाही. पदर उलटा टाकलेला कोपर आहे फक्त.